संयम शिकवता येतो का?

अंबरनाथहून बदलापूरच्या दिशेने निघाले की आनंदनगरची औद्योगिक वसाहत लागते. पाळी सुटण्याच्या वेळी तेथील रस्ता हातात डबे घेतलेल्या कामगारांनी भरून जातो. गेल्या पावसाळ्यातील एका संध्याकाळी त्या वस्तीत राहणारी एक बाई मला भेटायला आली. ती ख्रिस्ती नव्हे; तिच्या शेजारच्या एका कॅथलिक कुटुंबाने तिला आणले होते. तिच्या डाव्या हाताला, मनगटाच्या थोडे वर, माणसाच्या दातांचे ताजे वण होते.

बौद्धिकदृष्ट्या अक्षम अशा प्रौढ व्यक्तींच्या एका निवासी संस्थेत ती काळजीवाहक म्हणून काम करते. तिथे राहणारे सारे तिला ‘मावशी’ म्हणतात. ती जे बोलली ते प्रायश्चित्त संस्कारात नव्हे, तर व्हरांड्यात चहा घेताना बोलली, आणि ते लिहिण्यास तिची संमती आहे. तिची वा त्या संस्थेची ओळख पटेल असा तपशील मी गाळला आहे.

ती म्हणाली, “फादर, मी त्याला मारलं. तोंडावर मारलं. मला पाप लागलं का?”

अशा प्रश्नाला आम्हा धर्मगुरूंकडे एक तयार उत्तर असते. ते मी दिले. म्हणालो, “देव क्षमाशील आहे. पण यापुढे संयम ठेवा. राग आला की क्षणभर थांबा, प्रार्थना करा.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “संयम ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं, फादर? त्याने दात रुतवलेले असतात, तेव्हा हात ओढायचा की तसाच ठेवायचा? ओढला तर मांस फाटतं. हे मला कुणी सांगितलेलंच नाही.”

मलाही ते ठाऊक नव्हते. मी तिला संयम ठेवण्यास सांगितले होते. संयम म्हणजे कोणती कृती, हे मला सांगता येत नव्हते. त्या एका प्रश्नाने मला पुढे कित्येक दिवस स्वस्थ बसू दिले नाही. तोच प्रश्न आज वाचकांपुढे ठेवीत आहे. संयम हा माणसाच्या ठायी असतो किंवा नसतो अशा प्रकारचा गुण आहे, की तो शिकवता येतो? आणि तो शिकवता येत असेल, तर ज्यांनी तो शिकवला नाही त्यांचा दोष कोणता?

तिची हकिगत थोडक्यात अशी. चौदा प्रौढ पुरुष एका दालनात. अशा संस्थांतून वय कितीही असले तरी सर्वांना ‘मुले’च म्हणतात; तेव्हा चौदा ‘मुले’. रात्रपाळीला ती एकटी, आणि फाटकाशी एक पहारेकरी. त्यांपैकी एक सव्वीस वर्षांचा, अंगाने दणकट, बोलता न येणारा तरुण रोज पहाटे आंघोळीच्या वेळी ओरडतो, हातपाय झाडतो, चावतो. कामावर रुजू झाल्याच्या पहिल्या दिवशी तिला किल्ल्यांचा जुडगा देण्यात आला आणि सांगण्यात आले, “सांभाळा.” तिच्या प्रशिक्षणाचा आरंभ आणि शेवट त्या एका शब्दात झाला.

तिचा नवरा आनंदनगरमधील एका रसायनांच्या कारखान्यात आहे. आम्लाच्या टाकीजवळ जाऊ देण्यापूर्वी त्याला हातमोजे, चष्मा व बूट देण्यात आले. आम्लात पाणी ओतायचे नसते, पाण्यात आम्ल ओतायचे असते. थेंब डोळ्यात उडाला तर पंधरा मिनिटे पाण्याची धार धरायची असते. हे त्याच्याकडून घोकून घेतले गेले. कारखान्याच्या फाटकावर सुरक्षिततेचे फलक आहेत. हा नवराबायकोतील फरक तिनेच मला दाखवून दिला, आणि तोही तक्रारीच्या सुरात नव्हे. “त्याचं काम धोक्याचं आहे ना,” असे ती म्हणाली. आपले काम हे केवळ मायेचे काम आहे आणि माया शिकवावी लागत नाही, हा समज तिच्याही मनात इतका खोल रुजला होता.

हा समज रुजवण्यात आम्हा धर्मगुरूंचा वाटा मोठा आहे, हे मला कबूल केले पाहिजे. सेवेविषयी आम्ही वर्षानुवर्षे प्रवचने देत आलो. प्रेम असले की सारे जमते, असे सांगत आलो. या बोलण्याचा एक परिणाम आमच्या लक्षात आला नाही. प्रेमाने सारे जमत असेल, तर ज्याला जमले नाही त्याच्या ठायी प्रेमच नव्हते, असा निष्कर्ष आपोआप निघतो. मग थकलेली, घाबरलेली, चावा घेतलेली बाई ही प्रेमात उणी ठरते, आणि तिला रात्रभर चौदा जणांसोबत एकटी ठेवणारा व्यवस्थापक मात्र दानशूर ठरतो.

या चुकीचा धनी मी स्वतः झालो आहे. वीसएक वर्षांपूर्वी एका निवासी संस्थेच्या कारभारात माझा काही अधिकार होता. तिथे एका काळजीवाहक मुलीने एका वाचा नसलेल्या रहिवाशाचे हात ओढणीने खाटेला बांधून ठेवले. तो चार दिवस स्वतःच्या गालावर गुद्दे मारून घेत होता. मी त्या मुलीला बोलावून घेतले, चार कठोर शब्द सुनावले आणि त्याच दिवशी घरी पाठवले. मला वाटले, मी दुर्बलाची बाजू घेतली. पुढच्या आठवड्यात दंतवैद्याने त्या रहिवाशाची एक किडलेली दाढ काढली आणि गुद्दे थांबले. तो गाल का बडवत होता, हे चार दिवस कोणीही पाहिले नव्हते: त्या मुलीने नाही, परिचारिकेने नाही, मीही नाही. ती मुलगी एकोणीस वर्षांची होती. त्याने स्वतःचा डोळा फोडून घेऊ नये म्हणून आपण त्याला बांधले, असे ती सांगत होती. मी ते ऐकून घेतले नाही. तिला परत बोलावणेही मला सुचले नाही.

अशा वर्तनाला आपल्याकडील विशेष शिक्षणाच्या क्षेत्रात ‘वर्तनसमस्या’ म्हणतात. १९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये ‘आव्हानात्मक वर्तन’ हा शब्दप्रयोग रूढ झाला, तो विचारपूर्वक. समस्या त्या माणसात आहे असे न मानता, त्याचे वर्तन हे त्याची काळजी घेणाऱ्या व्यवस्थेला दिलेले आव्हान आहे, असे त्यातून सुचवायचे होते. शब्द बदलला म्हणून जग बदलत नाही, हे खरे. परंतु या शब्दामागे एक निरीक्षण आहे. ज्याला बोलता येत नाही तो देहाने बोलतो. मारणे, चावणे, डोके भिंतीवर आपटणे, कपडे फाडणे यांना बहुधा काही अर्थ असतो. कधी ते दुखणे सांगत असते: दात, कान, पोट, बद्धकोष्ठ. कधी ‘हे काम नको’ असे, कधी ‘माझ्याकडे बघा’ असे, तर कधी ‘हा आवाज, हा उजेड, हा स्पर्श मला सोसत नाही’ असे.

म्हणून काळजीवाहकाच्या प्रशिक्षणाची सुरुवात बळाच्या वापराने होत नाही. ती एका वहीने होते. वहीत तीन रकाने आखायचे. पहिल्यात, वर्तनापूर्वी काय घडले: कोण होते, कोणती वेळ होती, काय सांगितले गेले. दुसऱ्यात, नेमके काय वर्तन घडले. ‘चिडला’ असे नव्हे, तर ‘उजव्या हाताने दोनदा मारले’ असे. तिसऱ्यात, त्यानंतर काय झाले आणि त्या व्यक्तीला काय मिळाले वा काय टळले. पंधरवडाभर अशी नोंद ठेवली की जे माथेफिरूपणाचे वाटत होते त्यात पुष्कळदा एक क्रम दिसू लागतो. क्रम दिसला की उपाय सुचतो: दुखणे असल्यास वैद्य, सांगता येत नसल्यास चित्रे वा खुणा, गोंगाट सोसत नसल्यास जेवणाची वेगळी वेळ.

प्रसंग ओढवलाच तर काय करायचे, हेही शिकवावे लागते. समोर छाती काढून न उभे राहता किंचित बाजूला, हातभर अंतरावर उभे राहावे. आवाज खाली आणावा, शब्द कमी वापरावेत. इतरांना दूर न्यावे. त्याची बाहेर जाण्याची वाट अडवू नये. चावा घेतला असता हात खेचू नये. स्थिर ठेवून किंचित आत सरकवावा, म्हणजे जबडा सैल होतो. कोणालाही पालथे पाडून पाठीवर भार देऊ नये, कारण त्याने श्वास कोंडून मृत्यू ओढवू शकतो. आणि प्रसंग निवळल्यावर काळजीवाहकाला कोणीतरी विचारावे, ‘तुम्हाला लागलं का? तुम्ही घाबरलात का?’ हा शेवटचा प्रश्न विचारायचा असतो, हे मला वयाच्या पन्नाशीनंतर कळले.

येथे कोणी म्हणेल की हे तर तंत्र झाले; सद्गुण आणि तंत्र यांत फरक आहे. निर्दय मनुष्यही तंत्र शिकू शकतो. आक्षेप रास्त आहे. परंतु गुरुविद्यालयात आम्ही जे नीतिशास्त्र शिकलो, ते सद्गुणाला मनाची एक हळवी अवस्था मानीत नाही. वाद्य वाजवूनच मनुष्य वादक होतो, तसाच न्याय्य कृती करीत करीत तो न्यायी होतो, असा ॲरिस्टॉटलचा विचार. संत थॉमस अक्वायनस यांनी तो स्वीकारला आणि सद्गुण हा कृतीच्या अभ्यासाने अंगी मुरलेला स्थिर भाव मानला. आपल्या मराठी संतपरंपरेलाही ‘अभ्यास’ हा शब्द परका नाही. शिवाय परंपरेने विवेकाला सर्व सद्गुणांचा सारथी म्हटले आहे. या प्रसंगी, या माणसासाठी, या क्षणी चांगले काय, हे ओळखणारा तो विवेक. तो नसेल तर धैर्य आडदांडपणात, आणि दया लुडबुडीत बदलते.

मग संयमाची घडण कशी होते? माझ्या मते अशी. भ्यालेला मनुष्य संयमी राहू शकत नाही. समोरचा का मारतो आहे आणि आपण काय करायचे, हे ज्याला ठाऊक नाही तो भिणारच. ज्ञानाने भीती कमी होते, भीती कमी झाली की क्षणभराची उसंत मिळते, आणि त्या उसंतीतच प्रेमाला काही करण्यास वाव मिळतो. प्रशिक्षण प्रेमाची जागा घेत नाही. ते प्रेमासाठी जागा करून देते. संयम शिकवता येतो, तो या अर्थाने.

इतिहासात याची साक्ष आहे. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात मनोरुग्णांच्या पायांतील बेड्या काढल्या गेल्या, त्याचे श्रेय सामान्यतः डॉक्टर फिलिप पिनेल यांना दिले जाते. परंतु तेथील बेड्या प्रत्यक्षात १७९७ साली काढल्या त्या झाँ-बातिस्त प्युसॅं या दालनप्रमुखाने. तो वैद्य नव्हता. तो कातडी कमावणारा कारागीर होता. गंडमाळेचा रुग्ण म्हणून तेथे आला आणि बरा होऊन तेथेच कामाला राहिला. त्याने आपल्या सेवकांना रुग्णांवर हात उगारण्यास बंदी केली, सेवक म्हणून बऱ्या होत आलेल्या रुग्णांना नेमले, आणि रुग्णांचे बारकाईने निरीक्षण केले. पिनेल स्वतः त्याच्याकडून शिकले. आमच्या धर्मसभेच्या इतिहासातही संत योहान ऑफ गॉड आहेत. सोळाव्या शतकात ग्रॅनाडाच्या रुग्णालयात वेडा म्हणून त्यांना कोंडण्यात आले आणि त्या काळच्या उपचारपद्धतीप्रमाणे चाबकाचे फटके देण्यात आले. तेथून बाहेर पडल्यावर त्यांनी स्वतः रुग्णालय काढले. फटके काय असतात ते त्यांना पाठीने ठाऊक होते.

मार्कलिखित शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील थडग्यांत राहणारा मनुष्य वाचकांना आठवत असेल. लोकांनी त्याला साखळ्यांनी बांधले होते, त्याने त्या तोडल्या होत्या, आणि तो स्वतःला दगडांनी ठेचून घेत असे. हा अध्याय मी कितीतरी वेळा वाचला, पण येशूने त्याला त्याचे नाव विचारले या तपशिलावर मी कधी थांबलो नव्हतो. त्या गावाने त्याच्यासाठी साखळ्या घडवल्या होत्या. त्याला काही विचारल्याचा उल्लेख तेथे नाही.

साखळ्या ही जुनी गोष्ट झाली असे कोणी समजू नये. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी निवाऱ्याला आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण पळता न आल्याने जळून मेले. आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील कवडास येथील गतिमंद मुलांच्या संस्थेत मुले कुपोषणाने व आजाराने दगावल्याच्या बातमीची २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पाठोपाठ २०११ साली पनवेलजवळील कळंबोलीच्या संस्थेतील मुलींवरील अत्याचार उघडकीस आले, आणि २०१३ साली संबंधितांना शिक्षा झाल्या. इंग्लंडमध्येही, ब्रिस्टॉलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खाजगी रुग्णालयात रहिवाशांना होणारी मारहाण २०११ साली दूरचित्रवाणीवर दाखवली गेली आणि अकरा कर्मचारी दोषी ठरले. ही उदाहरणे मी एका पंक्तीत मांडली, तरी त्यांतील दोष एका जातीचा नाही. जाणूनबुजून केलेला अत्याचार हा गुन्हा आहे. प्रशिक्षणाच्या अभावाची सबब त्याला लागू होत नाही. पण ज्या घरात रोजचा लहानसा मार कोणाला खटकत नाही, तेथे मोठा अत्याचार लपून राहणे सोपे जाते.

आणखी एक उदाहरण आम्हा कॅथलिकांना टाळता येणार नाही. झाँ व्हानिए यांनी १९६४ साली फ्रान्समध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींबरोबर राहण्यास प्रारंभ केला आणि ‘लार्श’ ही जगभर पसरलेली चळवळ उभी राहिली. बंगळूरचे ‘आशा निकेतन’ त्यातलेच. आम्ही प्रवचनांतून त्यांचे दाखले दिले. त्यांच्या मृत्यूनंतर, २०२० साली, त्यांनी अनेक स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याचे ‘लार्श’नेच नेमलेल्या चौकशीत निष्पन्न झाले. त्या स्त्रिया तेथील अक्षम रहिवासी नव्हत्या. तरी धडा आपल्यासाठीही आहे. साधुत्वाची कीर्ती ही देखरेखीची जागा घेऊ शकत नाही. जेथे सारे काही प्रेमावर सोपवलेले असते, तेथे प्रश्न विचारणे हा अविश्वास ठरतो, आणि दुर्बलाचे रक्षण करणारा प्रश्नच नाहीसा होतो.

आता दोषाचा विचार. नीतिशास्त्र अज्ञानाचे दोन प्रकार करते: प्रयत्न करूनही दूर न करता येणारे अज्ञान, आणि दूर करता येत असताना दूर न केलेले अज्ञान. पहिले दोषमुक्त करते. दुसरे करीत नाही. ते स्वतःच एक दोष आहे. माझ्यासमोर बसलेल्या बाईला पालथ्या माणसाचा श्वास कोंडतो हे कसे कळावे? तिला ते सांगणारे कोणी नव्हते. पण संस्थेच्या विश्वस्तांना ते कळू शकत होते. सिकंदराबादची राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्था १९८४ साली स्थापन झाली. आज ती नव्या नावाने चालू आहे, आणि वर्तनसमस्यांवर तिने पुस्तिका काढल्या आहेत. १९९९च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाने काळजीवाहकांच्या प्रशिक्षणासाठी ‘सहयोगी’ ही योजना आखली. ज्ञान उपलब्ध होते. शोधले गेले नाही. वीस वर्षांपूर्वी माझ्या हाती अधिकार होता, तेव्हा मीही ते शोधले नाही. त्या दाढेविषयीचे माझे अज्ञान दुसऱ्या प्रकारचे होते.

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी केली आहे. रुग्णाला जखडून ठेवण्याविषयी त्यात एक तरतूद आहे, तिच्याकडे मी वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. तात्काळ इजा टाळण्यास दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, आणि जरुरीपुरतेच, रुग्णाला जखडता येते; शिक्षा म्हणून कधीच नाही, आणि केवळ कर्मचारी अपुरे आहेत म्हणूनही नाही. हा कायदा मानसिक आरोग्य संस्थांसाठी आहे आणि बौद्धिक अक्षमतेला तो मानसिक आजार मानीत नाही, हे खरे. पण त्यातील तत्त्व कोणत्याही घराला लागू पडावे असे आहे. माणसे कमी आहेत, ही व्यवस्थेची अडचण झाली; तिची किंमत रहिवाशाच्या हातापायांनी मोजायची नसते. मी पुढे जाऊन म्हणेन, काळजीवाहकाच्या हातापायांनीही मोजायची नसते.

येथे खर्चाचा आक्षेप येतो. संस्था देणग्यांवर चालतात; काळजीवाहकांना प्रशिक्षण दिले की ते अधिक पगारासाठी निघून जातात, असे मला एका विश्वस्तांनी सांगितले. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण ते निघून जातात ते प्रशिक्षण मिळाले म्हणून, की बारा तासांची पाळी आणि चावलेल्या हाताची कोणी विचारपूस करीत नाही म्हणून? आणि आनंदनगरमधला कारखानदार ‘कामगार सोडून जातील’ म्हणून आम्लाच्या टाकीचे नियम शिकवायचे टाळतो का? टाळले तर अपघात होईल आणि अपघाताचा जाब द्यावा लागेल, हे त्याला ठाऊक असते. वाचा नसलेल्या माणसाला झालेल्या इजेचा जाब विचारणारा कोणी नसतो. खरा फरक तेथे आहे.

एके काळी जाब विचारणारे असतात, ते म्हणजे आईवडील. १९४४ साली मुंबईत जय वकील यांनी आपल्या मुलीच्या निमित्ताने शाळा सुरू केली. बदलापूरजवळ मुळगाव येथे ‘आधार’ ही संस्था मतिमंद पाल्यांच्या पालकांनीच एकत्र येऊन प्रौढ मुलामुलींच्या आजीवन निवासासाठी उभी केली. (मला भेटलेली बाई काम करते ती संस्था ही नव्हे.) ‘आमच्यानंतर कोण?’ हा प्रश्न त्या पालकांना घराबाहेर घेऊन आला. आपल्या धर्मग्रामांतही असे पालक आहेत. ते रविवारी मागच्या बाकावर बसतात, कारण मुलगा मध्येच ओरडला तर चटकन उठता यावे. वाचकहो, कधीतरी त्यांच्याशेजारी बसून पाहा. सत्तरीच्या आईने आपल्या पन्नाशीच्या मुलाविषयी केलेली प्रार्थना बहुधा एकच असते: माझ्या आधी याला ने. आईला ही प्रार्थना करावी लागते, याचा अर्थ ‘आमच्यानंतर कोण’ याचे विश्वसनीय उत्तर समाजाने तिला दिलेले नाही. ते उत्तर म्हणजे इमारत नव्हे, निधी नव्हे. रात्री दोन वाजता तिचा मुलगा ओरडू लागेल, तेव्हा त्या दालनात कोण असेल आणि त्या व्यक्तीला काय येत असेल, हे ते उत्तर आहे. दोन-तीन पिढ्यांच्या आईवडिलांचा विश्वास शेवटी किल्ल्यांचा जुडगा घेतलेल्या त्या एका बाईवर येऊन ठेपतो.

त्या बाईला मी पंधरवड्याने पुन्हा बोलावले. तिच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडून राहिले होते. ‘तुमचा काहीच दोष नाही’ असे सांगण्याचा मोह झाला. तो मी आवरला. काहीच दोष नाही असे म्हणणे म्हणजे तुम्हाला समज नाही, तुम्ही केवळ दुसऱ्याच्या हातातले साधन आहात, असे म्हणणे झाले असते. हात तिने उगारला होता आणि ते चूक होते हे तिला कळत होते. म्हणून तर ती आली होती. मी म्हणालो, “तुम्ही मारलं हे चुकलं, आणि त्याचा थोडा भार तुमच्यावर आहे. पण ज्यांनी तुम्हाला काही न शिकवता तिथे एकटं उभं केलं, त्यांच्यावर त्याहून मोठा भार आहे. आणि तुम्हाला नुसतं ‘संयम ठेवा’ म्हणून सांगितलं, तो मीही त्यांच्यातलाच.” ती म्हणाली, “मग आता शिकवा.”

आमच्या धर्मग्रामात एक निवृत्त विशेष शिक्षिका आहेत. त्या या बाईसोबत चार रविवार बसल्या. वही आखली गेली. दोन आठवड्यांत असे दिसून आले की त्या तरुणाचे ओरडणे आंघोळीच्या आरंभी नसते. मागून डोक्यावर पाणी ओतले की ते सुरू होते. आता ती समोर बसते, तांब्या त्याच्याच हातात देते आणि डोके शेवटी, त्याला खूण करून भिजवते. आंघोळीला दुप्पट वेळ लागतो. पहाटे चौदा जणांत तो वेळ काढणे तिला कठीण जाते, आणि दुसरी बाई नेमावी ही तिची मागणी अद्याप मान्य झालेली नाही. तो चावायचा थांबला असे नाही. दिवाळीत फटाके वाजले तेव्हा त्याने तिला पुन्हा चावा घेतला. या वेळी तिने हात ओढला नाही, आणि उगारलाही नाही.

नाताळात आपण अशा संस्थांना भेट देतो, फळे वाटतो, चादरी देतो, गाणी म्हणतो. ते चालू राहावे. पण पुढच्या भेटीत आपण तेथील व्यवस्थापकांना नम्रपणे तीन प्रश्न विचारू या. रात्री दालनात किती माणसे असतात? त्यांना काय शिकवले आहे? आणि कोणी चावले, मारले, तर दुसऱ्या दिवशी त्यांची विचारपूस कोण करते? उत्तरे समाधानकारक नसतील, तर चादरींचे पैसे कुठे खर्च व्हावेत याचा विचार तेथेच, त्यांच्याबरोबर बसून करता येईल.